नामानाची भेट व शूनेमकरणीची भाकर
(२ राजे, अध्याय ४ व ५)

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलगे व मुली आज शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांत सरकारी चाकरी करीत आहेत. यास्तव लोकांनीं दिलेली भेट घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या घरांतलाच झाला आहे.

शूनेम येथील बाईनें अलीशा संदेष्ट्यास भाकर दिली, माडीवर खोली बांधून दिली, आणि त्यानें तें स्वीकारलें. परंतु कोड बरें झाल्यावर नामान सेनापतीनें पुढें केलेली भेट त्यानें शपथपूर्वक नाकारली. हा भेद कां? शूनेमकरणीला कांहींच साधावयाचें नव्हतें. तुझ्यासाठीं राजापाशीं शब्द टाकूं काय, असें विचारलें असतांही तिनें कांहीं मागितलें नाहीं. नामानाची भेट मात्र झालेल्या कामाबद्दल होती. देवानें जें फुकट दिलें, त्याचें मोल सेवकानें कसें घ्यावें? गेहजीनें तें घेतलें व घरांत लपविलें. दोन किक्कार रुपें व दोन पोशाख घरीं आले, आणि मागोमाग नामानाचें कोडही आलें.

"काम झाल्यावर कोणी खुशीनें दिलें, तर ती लांच कशी?" असें कित्येक म्हणतात. नामानही खुशीनेंच देत होता! पण आज दाखल्याबद्दल एकानें लुगडें दिलें, म्हणजे उद्यां गरीब विधवा रिकाम्या हातांनीं कचेरीची पायरी चढावयास भिते.

केंद्र सरकारचे १९६४ सालचे वर्तणूक नियमही प्रसंगोपात्त जेवणास भेट मानीत नाहींत. परंतु ज्याचें आपल्याकडे सरकारी काम आहे, त्याचा थाटाचा किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असें सांगतात. लांचलुचपत प्रतिबंधक कायदा १९८८ सालचा. त्यांत २०१८ सालीं दुरुस्ती होऊन लांच देणाराही स्पष्टपणें गुन्हेगार ठरला. बळजबरीनें द्यावी लागली व सात दिवसांच्या आंत पोलिसांस कळविलें, तर मात्र देणारा दोषी होत नाहीं. उपदेशकांनीं हें देणाऱ्यांसही समजावून सांगावें.

चाकरी करणाऱ्या बंधूंनो, दाराशीं आंब्यांची पाटी आली, तर आम्ही एवढेंच सुचवितों: मी त्या खुर्चीवर नसतों, तर ही पाटी आली असती काय? नसती, तर गोड शब्दांनीं परत पाठवा. आणि जी वस्तु शेजाऱ्यांपासून लपवावी लागेल, ती उंबऱ्याच्या आंत घेऊंच नका.

ज्या प्रभूनें आपणां सर्वांस तारण विनामूल्य दिलें, तो आपले हात निर्मळ राखो. आमेन.