परक्या आभाळातले गारदी

दिवाळी जवळ आली की कोल्हापूरकडची माणसं कापडाच्या खरेदीसाठी गांधीनगर गाठतात. सिंधी व्यापाऱ्यांची ही पेठ. घासाघीस करण्याची हौस असेल तर तिथे अर्धा दिवस कसा गेला ते कळत नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी ती वसवली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ते आले तेव्हा बराकी आधीच उभ्या होत्या. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या त्या माळावर पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इकडे आली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं.

पुरुष कुठे होते? जे जिवंत होते, त्यांतले बरेच परदेशी भूमीवर पोलिश सैन्यात होते. आणि त्यांचे काही देशबांधव इंग्लंडमधून, इंग्रजांची विमानं घेऊन लढत होते. वळिवड्याच्या बराकींपासून लंडनच्या आभाळापर्यंत जाणारा हा धागा मला बरीच वर्षं खुणावतो आहे. स्वतःचा मुलूख सोडून दुसऱ्याच्या तुकडीत, दुसऱ्याच्या आभाळात उडणाऱ्या माणसाला म्हणायचं तरी काय?

मराठीत त्यासाठी एक जुना शब्द आहे, पण तो उच्चारताच तोंड कडू होतं. गारदी. नारायणरावाच्या खुनापासून, म्हणजे १७७३ पासून, गारदी म्हणजे पैसे घेऊन कोणाचाही गळा चिरणारा, असं आपण धरून चाललो. पण त्याआधी बाराच वर्षं पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या तोफा आणि कवायती पायदळ घेऊन उभा होता. तोही पगारीच. त्याच्या पलटणी तिथे जवळपास कापल्या गेल्या, तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. शब्द एक, पगारही तोच, आणि माणसं मात्र दोन टोकांची. तेव्हा पगार घेतला की नाही, या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही.

आता मेरियन कूपर नावाच्या माणसाकडे येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. पहिल्या महायुद्धात त्याचं विमान जर्मनांनी पाडलं, हात भाजले, कैद झाली. युद्ध संपल्यावर हा गृहस्थ घरी जायचं सोडून अन्नवाटपाच्या कामावर पोलंडमधल्या ल्वूव शहरात गेला. नव्यानं जन्मलेल्या पोलंडची तेव्हा चहूबाजूंनी भांडणं चालू होती. कूपरनं १९१९ मध्ये पॅरिसला जाऊन सेड्रिक फॉन्टलरॉय या दुसऱ्या वैमानिकाच्या साथीनं अमेरिकन उडाणटप्पू गोळा केले आणि पोलिश हवाई दलाच्या सातव्या स्क्वाड्रनमध्ये आणून उभे केले. उडाणटप्पू हा शब्द मी प्रेमानंच वापरतो आहे. महायुद्ध संपल्यामुळे ज्यांना करमेनासं झालं होतं, असे त्यांत नक्कीच होते.

या तुकडीनं नाव घेतलं कोश्चुश्को स्क्वाड्रन. तादेउश कोश्चुश्को हा पोलिश इंजिनियर १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेला होता. साराटोगाचे मोर्चे आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी ही त्याची कामं. त्याच युद्धात पुलास्की नावाचा दुसरा पोलिश सरदार १७७९ मध्ये सव्हानाला पडला, आणि आपला एक पूर्वज त्याच्या हाताखाली लढला होता, असं कूपरच्या घरात सांगत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचं देणं, तेही आपण न काढलेलं, फेडायला ही पोरं आली होती. निदान तसं ती म्हणत. त्यांच्यातल्या इलियट चेस यानं तुकडीचं चिन्ह काढलं. अमेरिकन झेंड्यावरचे तेरा तारे आणि तेरा पट्टे, मधोमध पोलिश शेतकऱ्याची लाल चौकोनी टोपी आणि एकमेकांवर ठेवलेले दोन लांब दांड्यांचे विळे. १७९४ च्या उठावात कोश्चुश्कोबरोबर शेतकरी असलेच विळे घेऊन धावले होते. हे चिन्ह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सेनापती बुद्योन्नीचं लाल घोडदळ ल्वूवच्या दिशेनं सरकत होतं आणि ही विमानं झाडांच्या शेंड्यांवरून जात त्यावर गोळ्या झाडत होती. जुलैत कूपर पाडला गेला आणि त्यांच्या हाती सापडला. अंगावरच्या, मदतीत मिळालेल्या कपड्यांवर फ्रँक मोशर असं नाव होतं, तेच त्यानं आपलं म्हणून सांगितलं. त्या घोडदळाबरोबर इसाक बाबेल हा तरुण लेखक वार्ताहर म्हणून हिंडत होता. त्याच्या रोजनिशीत हा पकडलेला मोशर आला आहे. पुढच्या वर्षी कूपर कैदेतून पळाला आणि लॅटव्हियात पोचला. आणखी बारा वर्षांनी त्यानं ‘किंग काँग’ हा सिनेमा काढला. त्यात शेवटी काँगवर गोळ्या झाडणाऱ्या विमानात स्वतः कूपर बसला आहे.

हेतू तपासायचे म्हटले तर या माणसात काय काय सापडेल! कृतज्ञता, साहसाची खाज, बोल्शेविकांचा द्वेष आणि नाटकाची आवड. यातलं अस्सल कोणतं आणि वरवरचं कोणतं, हे त्याला तरी सांगता आलं असतं का? आणि एक अडचण आहे, ती कूपरच्या भक्तांना आवडत नाही. ज्या ल्वूवसाठी तो लढला, त्यावर युक्रेनी लोकांचाही दावा होता. १९१८-१९ मध्ये तिथे पोलिश आणि युक्रेनी रस्त्यारस्त्यांवर लढले होते. १९२० च्या वसंतात पोलिश फौजा स्वतः कीव्हपर्यंत चालून गेल्या होत्या. परक्याच्या भांडणात उतरणाऱ्याला भांडण बहुधा एकाच घराच्या ओसरीवरून दिसतं. अमेरिकन पोरांना पोलिश ओसरी मिळाली.

वीस वर्षांनी फासे उलटे पडले. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड बुडालं. वैमानिक रुमानिया, फ्रान्स असे धक्के खात इंग्लंडला पोचले. २ ऑगस्ट १९४० रोजी लंडनजवळच्या नॉर्थोल्टला त्यांची ३०३ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्या हरिकेन विमानांवर कोणतं चिन्ह? तेरा तारे, लाल टोपी, दोन विळे. अमेरिकनांनी पोलंडला दिलेलं चिन्ह पोलिश पोरांनी इंग्लंडला आणलं होतं.

इंग्रजांना या पाहुण्यांवर भरवसा नव्हता. काही आठवड्यांत पराभूत झालेल्या देशाचे वैमानिक काय लढणार, असा सूर होता. अडचणी खऱ्याही होत्या. त्यांच्या जुन्या विमानांत वेग वाढवायला थ्रॉटल मागे ओढायचा, हरिकेनमध्ये पुढे ढकलायचा. किलोमीटरच्या जागी मैल आले, आणि चाकं पोटात घ्यायची सवय अनेकांना नव्हती. रेडिओवरचं इंग्रजी शिकवण्यासाठी त्यांना होकायंत्र आणि रेडिओ लावलेल्या तीनचाकी सायकलींवर बसवून मैदानात फिरवलं. चार वर्षं विमान उडवलेल्या माणसाला तीनचाकी! मला हे दृश्य आठवलं की हसू येतं, आणि मग येत नाही.

३० ऑगस्टला सराव चालू असताना पाश्किएविच या वैमानिकाला जर्मन विमानं दिसली. त्यानं रांग मोडून एकावर झडप घातली आणि ते पाडलं. शिस्तभंगच तो. दुसऱ्या दिवशी तुकडी लढाईसाठी सज्ज असल्याचं जाहीर झालं. ब्रिटनच्या लढाईत या तुकडीनं १२६ विमानं पाडल्याचा दावा केला. आजचे इतिहासकार आकडा बराच खाली आणतात, तसा तो सगळ्याच तुकड्यांचा आणतात. उशिरा येऊनही हरिकेन उडवणाऱ्या तुकड्यांत ही पहिली ठरली, यावर फारसा वाद नाही. तिच्यातला सर्वांत मोठा शिकारी योसेफ फ्रान्तिशेक तर पोलिशही नव्हता, चेक होता. पोलिश तुकडीतला परका. तो रांगेत राहायचाच नाही. कंटाळून वरिष्ठांनी त्याला तुकडीचा ‘पाहुणा’ ठरवून मोकळा सोडला. सतरा विमानं पाडून ८ ऑक्टोबर १९४० रोजी तो लंडनच्या दक्षिणेला कोसळून गेला.

पैशाची गोष्ट राहिली. १९४१ मध्ये चीनसाठी अमेरिकन वैमानिक भरती झाले. नाव स्वयंसेवक गट, आणि करारात महिन्याला सहाशे डॉलर. शिवाय पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे पाचशे. विमानांच्या नाकाडावर शार्कचे दात रंगवणारे हेच ते ‘फ्लाइंग टायगर्स’. रंगूनच्या आभाळात १९४१ च्या नाताळात ते जपान्यांना भिडले. त्यांना कोणी गारदी म्हणालं तर मी हरकत घेणार नाही, फक्त कोणता गारदी ते विचारीन. याच रंगमंचावर कूपर पुन्हा दिसतो, आणि ३०३ चा एक जणही. १९४२ मध्ये कूपर आधी आसामातल्या दिंजानला आणि मग चीनमध्ये, टायगर्सचा म्होरक्या चेनॉल्ट याचा प्रमुख साहाय्यक म्हणून होता. १९४३ मध्ये ३०३ चा एक सेनानी, वितोल्द उर्बानोविच, चेनॉल्टकडे लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाला आणि त्यानं तिथे जपानी विमानंही पाडली. पोलंडचं जपाननं काहीच बिघडवलं नव्हतं. उडता येतं, आणि उडायला स्वतःचं आभाळ उरलेलं नाही. अशा माणसाला बोलावणं आलं की तो जातो.

म्हणून मी हेतूंची चौकशी सोडून दिली आहे. जो आला तो का आला, हे त्याचं त्याला. तपासायचंच असेल तर ज्याच्या दारी तो आला, त्या यजमानाचा हिशेब तपासावा.

हा हिशेब बरा निघत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला ब्रिटन, अमेरिका आणि रशिया यांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. ल्वूव सोव्हिएत हद्दीत गेलं. जुलैत ब्रिटननं वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. ८ जून १९४६ रोजी लंडनला विजयाचं भव्य संचलन झालं. निमंत्रण गेलं वॉर्सातल्या सरकारला. पश्चिमेत लढलेल्या पोलिश सैन्याला रस्त्यावर जागा नव्हती. ब्रिटनच्या लढाईतल्या पंचवीस पोलिश वैमानिकांना तेवढं ब्रिटिश हवाई दलाबरोबर चालायला बोलावलं, आणि आमच्या बाकीच्यांना जागा नाही तर आम्हालाही नको, म्हणून त्यांनी ते नाकारलं. ब्रिटननं पुढे हजारो पोलिश सैनिकांना राहू दिलं, कामाला लावलं, हे सांगायलाच हवं. पण पंगतीला बोलवायचं नाही आणि मागच्या दारानं ताट वाढायचं, ही रीत आपल्याकडेही चांगली माहीत आहे. उर्बानोविच १९४६ मध्ये मायदेशी परतला, तर तिथल्या गुप्त पोलिसांनी त्याला पुन्हा पुन्हा पकडलं. शेवटी तो अमेरिकेत निघून गेला.

स्वतःचं घरही यजमानापेक्षा वाईट वागू शकतं. यूजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन १९१७ मध्ये फ्रान्सच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यानं आपल्या देशाच्या हवाई दलासाठी अर्ज केला. रंगामुळे त्याला घेतलं नाही. म्हातारपणी तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्ट चालवत होता. फ्रान्सनं १९५९ मध्ये त्याला आपला मोठा सन्मान दिला. अमेरिकन हवाई दलानं सेकंड लेफ्टनंट केलं १९९४ मध्ये, मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी.

आणि मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर? केंब्रिजला शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात शिरला. त्याच सुमारास इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरोल चंदर सेन हेही शिरले. भारतीय माणसाला सैन्यात राजाच्या सहीची अधिकारपदं मिळत नव्हती, तेव्हा ही मूठभर पोरं विमानात अधिकारी म्हणून बसली. वेलिणकर २३ नंबरच्या तुकडीत डॉल्फिन विमान उडवत होता. जून १९१८ च्या अखेरीस तो पाडला गेला आणि ३० जूनला जर्मनांच्या कैदेत वारला. उत्तर फ्रान्समध्ये हँगार्डच्या स्मशानात त्याची कबर आहे. तो साम्राज्यासाठी गेला की उडण्यासाठी, की आम्हीही हे करू शकतो हे दाखवायला? मला तिसरं खरं वाटतं, पण हा माझा कल. बंगालनं रॉयला आठवणीत ठेवलं. वेलिणकर हे नाव मुंबईत किती जणांना माहीत आहे, हे वाचकानं स्वतःलाच विचारून पाहावं.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये उठली तेव्हा तिथल्या पुष्कळांना परत जायला गाव उरलं नव्हतं. गावं होती तिथेच, देश सरकला होता. कूपरच्या तुकडीत मेलेल्या तीन अमेरिकनांचंही तेच झालं. ग्रेव्ह्स, केली आणि मॅककॅलम. पहिला तर लढाईतही गेला नाही, १९१९ च्या नोव्हेंबरात ल्वूव शहराच्या समारंभात हवेतल्या कसरती करताना कोसळला. तिघांना ल्वूवच्या स्मशानात पुरलं आणि त्यांच्यासाठी स्मारक बांधलं. १९७१ मध्ये सोव्हिएत बुलडोझर त्या जागेवरून फिरले. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, बऱ्याच वादावादीनंतर, २००५ मध्ये ते स्मशान दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. शहराचं नाव आता ल्विव्ह आहे. ज्या देशासाठी ते तिघे उडायला आले होते, त्याची हद्द तिथून पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर आहे.