‘जवळ’ या शब्दाचा अर्थ

जवळ हा शब्द आपण दिवसांतून शंभर वेळां उच्चारतों, पण त्याचा विचार क्वचितच करितों. निकट, समीप, सन्निध हे त्याचे संस्कृत सोबती. नजीक फारसींतून आला. लगत हा शेताच्या बांधाला शोभतो, माणसाला नव्हे.

परंतु जवळ या शब्दाचा एक अर्थ समीप ह्या शब्दाला नाहीं. “माझ्याजवळ दहा रुपये आहेत” असें आपण म्हणतों, मग ते घरीं पेटींत कां असेनात. येथें जवळ म्हणजे अंतर नव्हे, सत्ता होय. भावाविषयीं मात्र “मला भाऊ आहे” असेंच म्हणावें लागतें. “भाऊ माझ्याजवळ आहे” म्हटल्यास तो माझ्याकडे राहतो एवढाच अर्थ निघतो. आपली भाषा नात्याच्या माणसाला रुपयांच्या रांगेंत बसवीत नाहीं, हें मला फार आवडतें.

आतां प्रश्न असा कीं, नुसत्या अंतरानें कोणी जवळचा होतो काय? यरीहोच्या वाटेवर याजकानें जखमी मनुष्यास पाहिलें व तो दुसऱ्या बाजूनें निघून गेला. परका शोमरोनी मात्र जवळ गेला. महाडचें चवदार तळें नगरपालिकेनें 1924 सालीं सर्वांस खुलें ठरविलें होतें, तरी अस्पृश्य मानलेल्यांस तेथें पाणी भरतां येईना. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तें पाणी प्याले. तोंवर तळें त्यांच्या समीप होतें, त्यांच्याजवळ नव्हतें. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास 1937 साल उजाडलें.