ढोलाच्या पोटातलं नाव

जयंतीच्या मीटिंगमध्ये मी टाळी वाजवली. त्या टाळीबद्दल हे लिहितोय.

मातंग वस्तीतला एक पोरगा उठून म्हणाला, यंदा डीजे नको, मिरवणुकीपुढं आमची हलगी राहू द्या. आमचे एक जुने कार्यकर्ते ताडकन् म्हणाले, "हलगी ही गुलामीची निशाणी आहे. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत ती वाजणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा खाली बसला नाही, सरळ निघून गेला.

माझ्या पणज्यानं १९५६ नंतर डफडं नदीत सोडलं होतं. घरात ही गोष्ट अभिमानानं सांगतात आणि मलाही तो अभिमान आहे. पाटलाच्या घरी लग्न निघालं की डफडं, देवाची पालखी निघाली की डफडं, आणि वाजवून झालं की लांब बसायचं, वरून टाकलेलं खायचं. ते वाद्य पाण्यात गेलं ते बरंच झालं. मग त्या पोराचं काय चुकलं? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे. तुटलेला धागा सांधत फिरायचं, हे माझं काम. परदेश सोडा, पासपोर्टसुद्धा मी दुसऱ्याच्याच हातात बघितलाय. पण त्या मीटिंगनंतर तिसरी पाळी सुटली की डिक्शनरी मांडीवर घेऊन मी जपानातल्या ओसाका शहरात, नानिवा नावाच्या वस्तीत हिंडू लागलो. तिथं ढोल बनतात.

नानिवाला पूर्वी वातानाबे गाव म्हणत. मेलेलं जनावर ओढणं, कातडं कमावणं, ढोल मढवणं ही कामं पिढ्यान्पिढ्या याच लोकांची. त्यांना 'एता' म्हणत. हा शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो, पुष्कळ घाण. आज बुराकू म्हणतात. बुराकू म्हणजे नुसती वस्ती. १८७१ साली सरकारनं फर्मान काढून हा भेद कायद्यातून पुसला. लोकांच्या मनातून तो गेला नाही. चेहरा इतरांसारखा, भाषा इतरांसारखी, तेव्हा माणूस ओळखायचा कसा? पत्त्यावरून! अशा वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना गुपचूप विकली जात होती, हे १९७५ साली उघडकीला आलं. नोकरीचा अर्ज आला की यादी काढून पत्ता ताडून बघायचा. आपल्याकडं आडनाव विचारतात, तिथं गल्ली बघतात.

ढोल कसा होतो ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. केयाकी नावाच्या झाडाचं खोड आतून कोरून काढायचं. गाईबैलाचं कातडं त्याच्या तोंडावर ओढून बसवायचं. दोऱ्यांनी चहूबाजूंनी ताण द्यायचा, आणि पुरता ताण बसावा म्हणून कारागीर स्वतः त्या कातड्यावर चढून पायानं तुडवतो. मग कडेनं खिळे. तयार झालेला ढोल देवळात जातो, उत्सवात जातो, नाटकात जातो. त्याच्या आवाजाला लोक पवित्र मानतात. बनवणारा मात्र अपवित्रच. जुन्या ढोलांच्या आत, लाकडावर, कारागिराचं नाव आणि गाव लिहिलेलं सापडतं. कातडं फाटून नवं घालायची वेळ आली तरच ते कोणाला दिसणार. तोवर नाव पोटात आणि टोले वरून.

१९८७ साली या वस्तीतल्या तरुणांनी स्वतःचं ढोलपथक काढलं. नाव ठेवलं 'इकारी', म्हणजे संताप. बापजाद्यांनी बनवलेला ढोल त्यांनी आपल्या हातानं वाजवायला घेतला, आणि आम्ही कोण, कुठले, हे चारचौघांत सांगून वाजवला.

मला आधी वाटलं, पणजा खोटा आणि इकारी खरी. मग उलटं वाटलं. मित्रांनो, दोन्ही चूक. नानिवात ढोल बनवणारा एक आणि वाजवणारा दुसरा होता. आपल्या गावात वाजवणारे आपणच, पण कधी वाजवायचं हे पाटील ठरवायचा. पणज्यानं सोडलं तेही कुणाला न विचारता, त्यांनी उचललं तेही कुणाला न विचारता.

आणि इथंच कागावा माझ्यापुढं उभा राहतो. तोयोहिको कागावा, ख्रिस्ती धर्मप्रचारक. १९०९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो कोबे शहरातल्या शिनकावाच्या झोपडपट्टीत राहायला गेला. लांबून सेवा करणारा नव्हता तो. रोग्यांजवळ झोपला, आपला घास वाटून खाल्ला, डोळ्यांना खुपऱ्या झाल्या त्या तिथंच. गोदी कामगारांच्या संपात तुरुंगातही गेला. अशा माणसाला शिवी द्यायला माझी जीभ वळत नाही. पण याच कागावानं १९१५ साली गरिबांच्या मनोवृत्तीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्यात बुराकूचे लोक वेगळ्या वंशाचे, गुन्हेगारी वळणाचे असं मांडलं. इतकी वर्षं शेजारी राहून! त्यानं त्यांच्याबद्दल लिहिलं. तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता, हे विचारायचं राहून गेलं.

१९२२ च्या ३ मार्चला क्योतोत बुराकूच्या पोरांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. दया दाखवणाऱ्या चळवळींनी आमचं नुकसानच केलं, असं त्यांनी पहिल्याच जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं. गंमत अशी की त्यांच्या काळ्या झेंड्यावर ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आहे, आणि तो काढणारा पोरगा बौद्ध मंदिरात वाढलेला. हवं ते घेतलं, मिशनची परवानगी मागितली नाही.

बौद्ध म्हटलं म्हणजे आपला ऊर भरून येतो, म्हणून एक कडू गोष्टही लिहून ठेवतो. याच लोकांच्या थडग्यांवर मंदिरांनी जी मरणोत्तर नावं कोरली, त्यांत 'पशू', 'कातडं' अशी अक्षरं घातली. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्सटनला सर्व धर्मांची परिषद भरली. तिथं सोतो झेन पंथाच्या बड्या भिक्खूनं सांगितलं की जपानात असा भेदभावच नाही. पुढं माफी मागावी लागली. तोही दुसऱ्याच्या वतीनं बोलला होता.

आणि आमची मीटिंग? आम्ही किती जण होतो, आणि हलगी ज्याच्या घरात आहे असा एकच. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला ती गुलामी वाटते का? गुलामीची व्याख्या आम्ही केली, ठराव आम्ही केला, टाळ्या आम्ही वाजवल्या. आम्ही आधी शिकलो, आधी बाहेर पडलो, म्हणून? वरच्या आळीचा माणूस आमच्याशी असं बोलला असता तर आम्ही मोर्चा काढला असता.

परवा पाळी सुटल्यावर त्याच्याकडं गेलो. दारात काटक्या पेटवून हलगी शेकत बसला होता. नानिवाचं सगळं सांगितलं. कातडं पायानं तुडवतात म्हटल्यावर हसला, म्हणाला, "मग आवाज लई भारी येत आसंल." टाळीचं सांगायला जरा वेळ लागला, पण सांगितलं.

तो हलगी फिरवत राहिला. बोटानं एकदा टिचकी मारून बघितली.

"मीटिंग परत कधी हाय?" त्यानं विचारलं.

ठरलेली नाही, मी म्हटलं.

"ठरवा. आन् या येळंला आमच्या वस्तीत घ्या."