ज्येष्ठत्वाचा हक्क आणि आपले मत

उत्पत्तीच्या 25 व्या अध्यायात एसावाची कथा आहे. तो रानातून थकून आला, आणि भाकरी व मसुरीच्या वरणासाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावास विकला. त्याची भूक खरी होती. शास्त्र तिला दोष देत नाही. त्याने आपला हक्क तुच्छ मानला, हेच त्याचे पाप.

निवडणुकीच्या आदल्या रात्री असेच वरण आपल्या वस्तीतही येते. कोठे मटणाचे जेवण, कोठे दारू, कोठे पाकिटातील नोटा. घेणारा म्हणतो, “माझ्या एका मताने काय होणार?” एसावासही आपला हक्क असाच निरुपयोगी वाटला होता.

हा हक्क आपल्या वाडवडिलांस नव्हता. 1937 सालच्या प्रांतिक निवडणुकांत मतासाठी जमीन, कर किंवा शिक्षण अशा अटी होत्या. मोलमजुरी करणारे बहुतेक बाहेरच राहिले. डॉ. आंबेडकरांनी 1919 सालीच साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला होता. पुढे 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली, आणि जमीनदारास एक मत व त्याच्या गड्यासही एकच मत असे ठरले.

भगिनींनो, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, अमक्याची मुलगी एवढेच सांगितले. आपला उत्तम मेंढपाळ तर प्रत्येक मेंढरास नावाने हाक मारतो! मग ज्या यादीत तुमचे नाव आहे, तेथे तुमचे मत दुसऱ्याने का ठरवावे?

कोणी म्हणेल, “मालक रागावला तर उद्याची मजुरी बुडेल.” हे भय आम्ही जाणतो. परंतु मत गुप्त असते. पडद्याआड काय झाले हे मालकास दिसत नाही. तेथे मनुष्य, त्याचा विवेक व देव एवढेच असतात. लाच देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, हेही विसरू नये.

उपदेशक बंधूंनो, मत कोणास द्यावे हे मंडळीस सांगू नका. ते आपले काम नव्हे. यादीत प्रत्येकाचे नाव आहे की नाही, एवढे मात्र अगोदर पाहा. आणि विधवेची दाद कोण घेईल, वस्तीत पाणी कोण आणील, हे ज्याने त्याने प्रार्थनापूर्वक पारखावे.

वरण एका रात्रीत संपते. विकलेला हक्क पाच वर्षे परत येत नाही. प्रभू आपणांस तो जपण्याचे धैर्य देवो.