निवड त्यांची असू द्या

मी कादंबऱ्या लिहिते, मोठ्यांसाठी आणि कुमारांसाठीही. कुमारांसाठी लिहिणं मला जास्त अवघड जातं. मोठा वाचक कंटाळला तरी भिडेखातर आणखी चार पानं वाचतो. बारा वर्षांचं मूल पुस्तक मिटून सरळ खेळायला पळतं.

भा. रा. भागवतांची पुस्तकं मात्र अशी मिटावीशी वाटत नसत. १९१० साली जन्मलेल्या या लेखकाने ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘बालमित्र’ मासिक चालवलं आणि फुरसुंगीचा बनेश, म्हणजे आपला फास्टर फेणे, घडवला. किडकिडीत अंगाचा, सायकलवर भन्नाट सुटणारा पोरगा. त्याची गोष्ट थांबवून भागवत उपदेश करत बसत नाहीत. मुलांच्या बुद्धीवरचा हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

त्यांचाच बिपीन बुकलवार मला आणखी जवळचा. हा पुस्तकवेडा मुलगाही साहसांत सापडतो. वाचणारं मूल म्हणजे कोपऱ्यात बसलेलं बुजरं मूल, हा समज भागवतांनी गोष्टीतूनच मोडून काढला.

पालक विचारतात, मुलांना कोणतं पुस्तक द्यावं? मी म्हणते, भागवतांसारखाच मुलांवर विश्वास ठेवा; त्यांना ग्रंथालयात न्या आणि निवडू द्या. भुताची गोष्ट उचलली, तर उचलू द्या. नावडलेलं पुस्तक अर्धवट सोडायचीही मुभा द्या. आणि रात्री तुम्हीही आपलं पुस्तक घेऊन त्यांच्याशेजारी बसा. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत राहू दे.