दोन हात आणि थोडी लांबी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यात घर रंगवण्याचा उल्लेख नाही. कारण उघड आहे. त्या काळी दिवाळीच्या आधी चुन्यात थोडी नीळ घालून कुंच्याने भिंतींवर फासली की काम संपत असे. भिंतीतली ओल चुन्यातून सुखेनैव बाहेर पडे आणि त्यात कुणाचे पाप-पुण्य येत नसे. नीतीचा प्रश्न प्लॅस्टिक पेंटबरोबर घरात शिरला, असे माझे नम्र मत आहे.

हे मत मला सांगलीत सुचले. मी सातारचा, सासुरवाडी सांगलीची. आमच्या माहुलीच्या संगमावरून जी कृष्णा निमूटपणे जाते, तीच पुढे कऱ्हाडला कोयनेला सोबत घेऊन सांगलीत सासऱ्यांच्या घरी येते. ती जेव्हा बोलावणे नसताना घरात शिरते, तेव्हा सासुरवाडीची मंडळी माझ्याकडे अशा नजरेने पाहतात, की जणू मीच माहुलीला उभा राहून तिला पत्ता सांगितला! २००५ साली पाणी घरात वीतभर आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ, जिथे पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी म्हणतात, तिथे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले आणि आमच्या सासुरवाडीच्या माजघरात ते माणसाच्या छातीला लागले. २०२१ च्या जुलैत पुन्हा आले. त्यानंतर मात्र सासूबाईंनी आमच्याकडे साताऱ्याला मुक्काम हलवला आणि घर विकायचे ठरले.

विकायचे म्हणजे आधी रंगवायचे. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाचा नियम घरालाही लागू आहे. मेहुण्यांनी फोन केला, "दाजी, गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येतंय. फक्त दोन हात मारून घेऊ. तुम्ही नुसतं उभं राहा."

नुसते उभे राहणे ही माझी खासियत आहे. मी गेलो.

पेंटरमामा आले. त्यांनी रंगाच्या डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बोटाच्या पेराने भिंत ठोकत ठोकत ते घरभर हिंडले. डॉक्टर पाठ ठोकतात तसे. मग खिशातून पत्रा काढून त्यांनी एक पोपडा उचकटला. मागून पांढरी भुकटी भुरभुर खाली आली.

"लोणा लागलाय मालक. ह्याच्यावर रंग मारून उपेग न्हाई."

"का?" मेहुणे.

पेंटरमामांनी जे सांगितले त्याचा गोषवारा असा. पूर ओसरला तरी पाणी भिंतीत राहते. विटा ते दिव्याच्या वातीसारखे वर खेचतात. पाण्यात विरघळलेले क्षार त्याच्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते आतून रंगाला ढकलतात. वरचा रंग जितका भारी आणि घट्ट, तितकी ओल आत कोंडते. म्हणून सडका गिलावा लोण्याच्या वर हातभरापर्यंत काढायचा, भिंत उघडी ठेवून वाळवायची, प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे घाम आलाय का पाहायचा, नवा गिलावा, तोही वाळवायचा, मग प्रायमर, लांबी, काचपेपर आणि सगळ्यात शेवटी रंग.

"रंगाचं काम चार दिसांचं," मामा म्हणाले, "भित्तीचं दोन म्हैन्यांचं."

"रविवारपर्यंत काय होईल?"

"रविवारपत्तुर झाकाझाकी हुईल."

झाकाझाकी हा शब्द मेहुण्यांना लागला. ते म्हणाले, "आपण खोटं थोडंच बोलतोय? विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला सांगायचं?"

हा युक्तिवाद मला फार जुना वाटला. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले तेव्हा तोही तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त हत्तीवर एक हात मारला. त्यापायी त्याचा रथ चार बोटे खाली आला म्हणतात. इथे तर प्रश्न साडेचार फुटांचा होता.

पण मला मेहुण्यांचेही पटत होते, ही खरी अडचण. आपण सगळेच थोडे रंग लावून हिंडतो. पाहुणे येताना उशीचे अभ्रे बदलतो, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मग उशीचा अभ्रा कुठे संपतो आणि लबाडी कुठे सुरू होते? विचार करता करता मला वाटले, की पाहुणा अभ्रा पाहतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरी जातो. घर घेणारा मात्र त्या भिंतीशेजारी झोपणार असतो. त्याच्या उशाशी जे पडायचे आहे, ते त्याला आधी कळले पाहिजे. पण हा विचार मेहुण्यांना ऐकवण्याचे धैर्य मला झाले नाही. घर त्यांचे, पैसे त्यांचे. तत्त्वज्ञान तेवढे माझे.

एवढ्यात माजघरातून हिचा आवाज आला, "अहो, त्यांना थांबवा!"

पेंटरमामांचा पोऱ्या दाराची चौकट घासायला बसला होता. जुन्या तैलरंगात शिसे असायचे म्हणून मामा लाकूड आधी ओले करून, नाकाला फडके बांधून घासायला लावत. काम चोख होते. पण त्या चौकटीच्या आतल्या अंगाला सासऱ्यांनी कधी रंग लावू दिला नव्हता. तिथे पेन्सिलीच्या रेघा होत्या. ही पहिलीत असताना, तिसरीत असताना, सहावीत असताना. शेजारी मेहुण्यांच्या. आणि त्यातच, सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात, अगदी खाली 'पूर २००५'. त्याच्या वर सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात २०२१. आणि सगळ्यांत वर, हिच्या सहावीच्या रेघेला जवळजवळ चिकटून, २०१९.

मेहुणे बराच वेळ त्या रेघांकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "ही चौकट राहू दे मामा." नंतर, जरा वेळाने, "आणि भिंतीही राहू देत. गिलावा काढून ठेवा फक्त."

रविवारी गिऱ्हाईक आले. नवरा-बायको, सांगलीचेच. आम्ही चहा पुढे केला. मेहुण्यांनी घसा खाकरून आपले सत्यकथन सुरू करण्यापूर्वीच त्या गृहस्थांनी चपला काढता काढता विचारले, "एकोणीसला किती होतं?"

सांगलीकर घर बघताना हॉल किती बाय किती हे नंतर विचारतो, याचा आम्हां सगळ्यांना विसर पडला होता! मेहुण्यांनी त्यांना चौकट दाखवली. बाईंनी हिच्या सहावीच्या रेघेला हात लावला आणि त्या हसल्या. उघड्या विटा पाहून गृहस्थ म्हणाले, "हे बरं केलंत. मागच्या आठवड्यात एक घर बघितलं. रंग असा ताजा की वाससुद्धा गेला नव्हता. तिथनं तसाच उठलो." व्यवहार झाला. किंमत अर्थात मेहुण्यांनी मनात धरली होती तेवढी आली नाही, आणि सत्याची ही किंमत ते अजूनही मला दर भेटीत आकड्यासकट ऐकवतात.

इथेच निबंध संपवला असता तर मी फार थोर दिसलो असतो. पण आमच्या साताऱ्याच्या घरात एक भेग आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडिलांनी मला पांघरुणासकट उचलून अंगणात नेले आणि उजाडल्यावर आम्ही आत आलो, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर ती उभी होती. तेव्हापासून प्रत्येक रंगात आम्ही ती बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती परत येते. सांगलीच्या पेंटरमामांना मी यावर उपाय विचारला होता. ते म्हणाले होते, "भेग बुजवायची तर आदी ती मोठी करावी लागती. छिन्नीनं खोल खोदायची, आतली माती झाडायची, पाणी मारायचं आन् मग भरायची. वरनं लांबी लावली की ती नुसती झोपती, मरत न्हाई."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. नवरा-बायकोतली धुसफूस, भावाभावांतला अबोला, सगळीकडे ते कसे लागू पडते यावर मी दोघा-तिघांना व्याख्यानेही दिली.

गेल्या महिन्यात धाकटीला बघायला मंडळी येणार होती. आदल्या दिवशी मी बाजारातून लांबीचा डबा आणला, दार लावून घेतले आणि भेगेवर हात फिरवला. वर दोन हात रंग. मंडळी खूश होऊन गेली. ही काही बोलली नाही. सासूबाई मात्र आरामखुर्चीतून भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "जावईबापू, छान झालंय हो. किती दिवस राहतं?"

काल ती परत दिसू लागली आहे. सध्या तिच्यावर कॅलेंडर लावले आहे.