कुणी न मागितलेली पुस्तके

१ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. ठाणे तेव्हा खाडीकाठचे, जिल्ह्याच्या कचेरीचे लहानसे गाव. मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी १८५३ साली इथवर आली, ही त्याची मोठी ओळख. छापखाने आणि प्रकाशक मुंबई-पुण्यात, कॉलेजेही तिकडेच. तरीही मराठी ग्रंथसंग्रहालय मुंबईला मिळाले ते १८९८ मध्ये, ठाण्यानंतर पाच वर्षांनी.

वाचनालये काही महाराष्ट्राला नवी नव्हती. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, कोल्हापूरचे १८५० चे. पण त्या काळच्या 'नेटिव्ह लायब्रऱ्यां'मागे बहुधा गोऱ्या साहेबांचा आश्रय असे आणि कपाटांत मान इंग्रजी ग्रंथांना. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनात धरले ते निराळेच: मराठीत छापून निघालेले ग्रंथ एका ठिकाणी जमवायचे आणि जपायचे. भावे तेव्हा जेमतेम बाविशीच्या आसपासचे.

या संकल्पाचे मोल आज नीट ध्यानात येत नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारकडे होऊ लागली होती, तिमाही याद्या निघत होत्या. सरकारला पुस्तके मोजायची होती आणि त्यांच्यावर नजरही ठेवायची होती. मराठी वाचकाला मात्र ती सगळी हाताळता येतील अशी जागा नव्हती. निवडक, उत्तम तेवढे ठेवणारे वाचनालय गावाची गोडी घडवते, हे खरेच. पण 'जे जे मराठी, ते ते ठेवू' म्हणणारा संग्रह पुढच्या पिढीचा निवडीचा हक्क राखून ठेवतो. त्यात पंचांगे येतात, वैद्यकाची चोपडी येतात, पडलेली नाटके येतात, एखाद्या जातिसभेचा अहवाल येतो. आज जे टाकाऊ वाटते त्यातच उद्याच्या अभ्यासकाचे साधन असते, आणि ते नेमके कोणते, हे आज ठरवता येत नाही.

भाव्यांचेच उदाहरण पाहा. १९०३ मध्ये त्यांनी जुनी मराठी कविता छापण्यासाठी 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढले. सांकेतिक लिपीत शतकानुशतके बंद राहिलेले महानुभाव पंथाचे ग्रंथ उजेडात आणणाऱ्यांत इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांबरोबर भाव्यांचेही नाव घेतले जाते. 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा हा माणूस आधी संग्राहक होता, म्हणूनच इतिहासकार होऊ शकला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, तीही कपाटांत कुणी कुणी राखून ठेवलेल्या पुस्तकांच्या जोरावर. पुस्तक कुठे उरलेलेच नसते, तर दात्यांच्या चिकाटीने तरी काय साधले असते?

राखणे हे काम मात्र कष्टाचे आणि बिनप्रसिद्धीचे. शंभर वर्षांपूर्वीचे एखादे पुस्तक हातात घेऊन बघावे. कागद तपकिरी झालेला असतो, पान उलटताना कोपरा पापडासारखा मोडून हातात येतो. कसरीने पाडलेले भोक मुखपृष्ठापासून थेट मलपृष्ठापर्यंत गेलेले, शिवणीचा दोरा ढिला. ठाण्यासारख्या खाडीच्या दमट हवेत हे सगळे अधिकच लवकर होते. मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शेवटची तारीख कित्येक वर्षांपूर्वीची. देवघेवीच्या हिशेबाने पाहिले तर हे पुस्तक कधीच बाद व्हायला हवे होते.

आणि आपला सगळा हिशेब देवघेवीचाच झाला आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तो होता म्हणूनच गावोगावची वाचनालये तगली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण अ, ब, क, ड वर्ग ठरवताना आणि अनुदान देताना पाहिले जाते ते सभासद किती, पुस्तके किती, नियतकालिके किती, दारे किती तास उघडी. एकाही सभासदाने न मागितलेले, पण दुसरीकडे कुठेच न उरलेले पुस्तक सांभाळल्याबद्दल ग्रंथपालाच्या पदरात काय पडते? जागा अपुरी, कपाटे भरलेली, नवी खरेदी करायलाच हवी. मग निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत सर्वांत आधी जुनी, फाटकी पुस्तके जातात. यात ग्रंथपालाचा दोष नाही. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या माणसावर भाषेच्या स्मृतीचा भार टाकून आपण मोकळे होतो, याचे मला वाईट वाटते.

१९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यायची असते, म्हणून नव्या पुस्तकांची निदान कागदोपत्री सोय आहे. आधीच्या दीडशे वर्षांतल्या छपाईला तो आधार नाही. ती उरली आहे तालुक्याच्या वाचनालयांत, मठांत आणि जुन्या वाड्यांतल्या माळ्यांवर. स्कॅन करायलाही मूळ प्रत लागतेच.

म्हणून निर्लेखनाच्या यादीवर सही होण्याआधी १९५० पूर्वीचे प्रत्येक पुस्तक दात्यांच्या सूचीशी ताडून पाहावे, आणि दुर्मीळ निघाले तर ठाण्यासारख्या एखाद्या मोठ्या संग्रहाकडे पाठवावे. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. सूचीची एक प्रत, एक टेबल आणि दुपारी दोन-तीन तास बसणारी दोन माणसे, एवढ्यावर हे काम कोणत्याही गावात सुरू करता येईल.